गुलाम-अनुसूची

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या १८५० व १८६० च्या जनगणनांत गुलामांच्या नोंदीसाठी वापरलेला स्वतंत्र तक्ता (अनुसूची क्र. २). तत्पूर्वी, म्हणजे १७९० ते १८४० या काळात, गुलामांची संख्या कुटुंबप्रमुखाच्या नावापुढेच लिहीत.

प्रतिनिधिगृहातील जागावाटपासाठी गुलामांची संख्या तीन-पंचमांश धरण्याची तरतूद संविधानात असल्याने ते वेगळे मोजणे पहिल्यापासूनच भाग होते. १७९० च्या यादीत प्रत्येक नावापुढे पाच आकडे येतात : १६ वर्षे व त्यावरील गोरे पुरुष, १६ खालील गोरे पुरुष, गोऱ्या स्त्रिया, इतर स्वतंत्र व्यक्ती आणि गुलाम. छापील तक्ते नव्हते. गणक आपल्याच कागदावर रकाने आखत. व्हर्जिनियाची १७९० ची कुटुंबयादी उपलब्ध नाही. तिच्या जागी १७८२–८५ च्या राज्यस्तरीय शिरगणती व करयाद्या वापरतात. ब्रिटिशांनी १८१४ मध्ये वॉशिंग्टन जाळले तेव्हा १७९० ची ती यादी नष्ट झाली, असे परंपरेने सांगतात. परंतु कुटुंबवार याद्या जिल्हा न्यायालयांच्या लिपिकांकडे ठेवण्याची पद्धत होती आणि त्या राजधानीत मागवण्याचा कायदा १८३० चा आहे. तेव्हा त्या स्थानिक पातळीवरच गहाळ झाल्या असाव्यात, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

गुलामांचे लिंग व वयोगट १८२० पासून मिळतात. मात्र १८२० च्या १४, २६ व ४५ या वयोमर्यादा १८३० मध्ये १०, २४, ३६, ५५ व १०० अशा बदलल्या. त्यामुळे एकाच घरातील गुलामांचा माग दोन जनगणनांत लावताना गट जुळत नाहीत.

१८५० च्या मूळ मसुद्यात प्रत्येक गुलामाचे नाव लिहिण्याची सोय होती. सिनेटमध्ये दक्षिणेकडील सदस्यांनी विरोध केल्यावर नावाच्या जागी क्रमांक आला. वय, लिंग, रंग (काळा किंवा मिश्र), पळालेले, मुक्त केलेले आणि बहिरे-मुके, अंध वा वेडे, असे बाकीचे रकाने होते. १८६० मध्ये गुलामांच्या घरांच्या संख्येचा रकाना वाढवला. मालकाचे नाव पहिल्या ओळीवर असते, खाली एकेका व्यक्तीची ओळ. पुष्कळदा ओळी वयाच्या उतरत्या क्रमाने लागलेल्या असतात. अशा ठिकाणी लागोपाठच्या ओळींवरून आई आणि मूल ठरवणे चूक ठरते. वर्षाखालील मुलांचे वय बाराव्या भागात लिहीत. ६/१२ म्हणजे सहा महिने, सहा वर्षे नव्हे. प्रौढांची वये ३०, ४०, ५० अशा आकड्यांवर साचलेली दिसतात, कारण मालक ती अंदाजाने सांगत.

‘मालक’ या रकान्यातील नाव कायदेशीर मालकाचे असेलच असे नाही. १८५० च्या सूचनांनुसार गुलाम ज्याच्या घरी वा मळ्यावर कामाला असेल त्यालाच मालक समजायचे होते. उद्देश गुलाम मोजण्याचा होता, मालक मोजण्याचा नव्हे. परिणामी भाड्याने आणलेले गुलाम ते भाड्याने घेणाऱ्याच्या नावे चढले. अनेक मालक असल्यास एकाचेच नाव पुरे होते. विश्वस्त मालमत्तेत विश्वस्ताचे नाव येई. उलटपक्षी, दोन काउंट्यांत (राज्यांतर्गत जिल्ह्यांत) मळे असणारा दोनदा मोजला गेला. गुलामधारकांची १८५० ची ३,४७,५२५ ही संख्या या मर्यादेसह घ्यावी. ती प्रसिद्ध करणारे जनगणना-अधीक्षक डी बो यांनीही दुबार मोजणी मान्य केली होती.

स्वतंत्र कृष्णवर्णीय कुटुंबप्रमुखांपुढील गुलामांचा अर्थ विवाद्य आहे. इतिहासकार कार्टर वुडसन यांनी १९२४ मध्ये १८३० च्या नोंदींतून अशा कुटुंबांची यादी काढली. त्यांपैकी बऱ्याच जणांनी पत्नी, पती वा मुले विकत घेतली होती, असे त्यांचे मत होते. व्हर्जिनियात १८०६ च्या कायद्याने मुक्त झालेल्याला बारा महिन्यांत राज्य सोडावे लागे. म्हणून आप्ताला कागदोपत्री गुलामच ठेवणे सोयीचे होते. दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्स्टन शहरामधील अशा कारागीर कुटुंबांना मात्र हे स्पष्टीकरण सरसकट लागू पडत नाही. तेथे श्रमासाठीच गुलाम ठेवल्याचे पुरावे आहेत. यादीतील आकडा दोहोंत भेद करीत नाही. त्यासाठी मृत्युपत्रे व मुक्तिपत्रे पाहावी लागतात.

गुलामांची नावे अनुसूचीत अपवादानेच आढळतात, उदा., टेक्ससमधील बोवी (१८५०) आणि तत्कालीन व्हर्जिनियातील हॅम्पशर (१८६०) या काउंट्या. त्या मानाने त्याच दोन वर्षांच्या मृत्यु-अनुसूची अधिक उपयोगी पडतात : गणनादिनापूर्वीच्या, म्हणजे १ जूनपूर्वीच्या, बारा महिन्यांत मरण पावलेल्या गुलामाचे पहिले नाव, वय, महिना व कारण त्यांत पुष्कळदा मिळते. जिवंतांच्या बाबतीत गुलामगिरी संपल्यानंतरच्या, १८७० च्या जनगणनेच्या नावनिशीवार यादीवरून मागे जावे लागते : प्रत्येकाच्या वयातून दहा वर्षे वजा करून परिसरातील गुलामधारकांच्या १८६० च्या ओळी ताडून पाहतात. आडनाव मालकाचेच असेल असे गृहीत धरल्यास हा शोध हमखास भरकटतो.