संगनमत वेगळं, कट वेगळा

‘आरोपींनी आपसात संगनमत करून फिर्यादीची फसवणूक केली.’ फिर्यादीत हे वाक्य हमखास सापडतं. दुसऱ्या दिवशी बातमीत त्याचं ‘कट रचून’ होतं. गप्पांमध्ये चालून जातं, कोर्टात मात्र दोन्हींचे रस्ते वेगळे.

कटात गुन्हा आहे तो ठरवण्यातच. तिघांनी टपरीवर बसून सोनाराचं दुकान फोडायचं पक्कं केलं आणि शटरला हात लावण्याआधीच पकडले गेले, तरी भारतीय न्याय संहितेचं कलम ६१ (जुन्या भारतीय दंड संहितेचं १२०-ब) लागू शकतं. अर्थात, ठरलं होतं हे सिद्ध करणं अवघड. कट कोणी स्टॅम्पपेपरवर करत नाही. मग फोन, भेटीगाठी, पैशांची देवाणघेवाण यांवरून तो जुळवावा लागतो.

‘संगनमत करून’ लिहिलं की सोबत बहुधा कलम ३(५) येतं, म्हणजे जुनं ३४. हे कलम स्वतंत्र शिक्षा सांगत नाही, मूळ गुन्ह्याच्या कलमाला जोडूनच येतं. समान इराद्याने गुन्हा घडला, की प्रत्येकजण तो एकट्याने केल्यासारखा जबाबदार. हा इरादा ऐनवेळी, जागेवरही जुळू शकतो. पण गुन्हा घडलाच नाही, तर हे कलम जोडायचं कशाला?

समान इराद्याचं गाजलेलं उदाहरण कलकत्त्याचं. १९२३ साली शंकरीटोला पोस्टात काहीजण घुसले, पैसे मोजत बसलेल्या पोस्टमास्तरकडे रक्कम मागितली आणि गोळ्या झाडल्या. पोस्टमास्तर मेला. पकडला गेलेला बरेंद्रकुमार घोष म्हणाला, मी तर बाहेर अंगणात उभा होतो, तेही भीतीपोटी. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, ऐकलं नाही. समान इरादा असेल, तर बाहेर थांबणाराही खुनाला तितकाच जबाबदार, असा निकाल झाला. उलट १९४५ च्या मेहबूब शाह खटल्यात त्याच कौन्सिलने बजावलं, की दोघांचा इरादा सारखा असणं आणि दोघांचा मिळून एक असणं यांत फरक आहे. मला विचाराल तर खरी मेख इथेच आहे.

भाषेतही हा भेद दिसतो. कट शिजतो, रचला जातो, उधळला जातो. संगनमत कोणी ‘रचत’ नाही. ते असतं किंवा केलं जातं, आणि बऱ्याचदा ठेकेदार नि अधिकाऱ्यांमध्ये असतं. चांगल्या कामाला मात्र हा शब्द लावू नये. सोसायटीने पाण्याची टाकी ‘संगनमताने’ बांधली असं लिहिलंत, तर सभासद आधी हिशेब मागतील. तिथे ‘एकमताने’च हवं.