तुरुंगातील लैंगिक अत्याचाराची तक्रार: कोण करू शकतं, कागद कोणते, अर्ज कुठे अडतो

मुलाखतीत बहीण किंवा मुलगी काहीतरी अर्धवट सांगते, वेळ संपते, आणि घरचे लोक बाहेर येऊन पहिला अर्ज करतात तो तुरुंग अधीक्षकांच्या नावाने. ज्यांच्या माणसांविरुद्ध तक्रार, त्यांच्याच आवक टपालात ती जाते आणि ‘चौकशी सुरू आहे’ यापलीकडे काही कळत नाही. अधीक्षकांना अर्ज द्यायला हरकत नाही, पण फक्त तेवढाच देऊ नका. तुरुंगातला लैंगिक अत्याचार ही शिस्तभंगाची बाब नाही. तो दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलिसांना न्यायालयाच्या आदेशाविना नोंदवून तपासता येणारा; त्याची नोंद बाहेरच्या पोलीस ठाण्यात होते आणि त्यासाठी तुरुंगाची परवानगी लागत नाही.

तक्रार कोणीही देऊ शकतं: पीडिता, नातेवाईक, वकील, सोबतची बंदी (कैदी). हद्दीचं कारण सांगून परत पाठवलं, तर शून्य क्रमांकाने (झीरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता कोणत्याही ठाण्यात) गुन्हा नोंदवायला सांगा. एफआयआरची प्रत मोफत मिळते.

ईमेलने तक्रार केली की काम झालं, असा समज आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे ईमेलने माहिती देणाऱ्याने ३ दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. बंदी स्वतः जाऊ शकत नाही, म्हणून ईमेल बाहेरच्या माणसाने आपल्या नावाने पाठवावा आणि त्यानेच सही करून यावं. सहीविना तक्रार तशीच पडून राहते आणि घरचे मात्र फोनची वाट बघत बसतात.

ठाण्यात ठरलेली उत्तरं मिळतात. एक, ‘सरकारी कर्मचारी आहे, आधी शासनाची मंजुरी आणा.’ हे चूक आहे. बलात्काराच्या आरोपात अशी मंजुरी लागत नाही, हे त्याच संहितेच्या कलम २१८ च्या स्पष्टीकरणातच लिहिलं आहे. दोन, ‘तुरुंगाच्या डॉक्टरचा दाखला कुठे आहे?’ हा कागद कुटुंबाकडे असणं शक्यच नसतं आणि गुन्हा नोंदवायला तो लागतही नाही. उलट माहिती मिळाल्यापासून २४ तासांत पीडितेला, तिच्या संमतीने, वैद्यकीय तपासणीसाठी पाठवणं हे पोलिसांचं काम आहे. २४ तासांची ही मुदत पोलिसांवर आहे, पीडितेवर नाही. नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेता येतात म्हणून घाई करावी, पण त्यानंतरही तक्रार आणि तपासणी दोन्ही होतात. ‘उशीर झाला’ या शब्दावर परत फिरू नका. बोटांनी कौमार्य तपासण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने निषिद्ध ठरवली आहे. डॉक्टर तसं करू लागले तर तिने तिथेच नकार द्यावा.

तरीही नोंद झाली नाही, तर पोलीस अधीक्षकांना (शहरात उपायुक्तांना) लेखी अर्ज, आणि तिथेही नाही झालं तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे शपथपत्रासह अर्ज. आधीच्या अर्जाची शिक्क्याची पोच नसेल तर हा अर्ज अडतो. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

‘तिने आरडाओरडा का केला नाही?’ हा प्रश्न आजही विचारला जातो, याचा संताप येतो. १९७२ मध्ये विदर्भातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात आदिवासी मुलीवर अत्याचार झाला; आरोपी दोन पोलीस होते. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडलं. त्यावर देशभर आंदोलन उठलं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. आज तुरुंग कर्मचाऱ्याने संबंध ठेवल्याचं सिद्ध झालं आणि पीडितेने न्यायालयात ‘माझी संमती नव्हती’ असं सांगितलं, तर संमती नव्हतीच असं न्यायालय गृहीत धरतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६४(२) प्रमाणे शिक्षा किमान १० वर्षं. अधिकाराचा दबाव आणून ‘राजीखुशीने’ संबंध ठेवले, तरी कलम ६८ प्रमाणे ५ ते १० वर्षं.

सगळ्यात अवघड कागद म्हणजे वकीलपत्र. बंदीच्या सहीवर तुरुंग अधीक्षकांचं साक्षांकन घेण्याची पद्धत आहे, म्हणजे तक्रार करायची हे त्यांना आधीच कळणार. त्यावर उपाय म्हणजे तारखेला न्यायालयात आणल्यावर तिथेच सही घेणं. हल्ली तारखा व्हीसीवर (व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने) होतात. कॅमेऱ्यासमोर बंदी आणि शेजारी शिपाई उभा, अशा वेळी ती बोलणार कशी? वकिलाने तिला प्रत्यक्ष हजर करण्याचा अर्ज द्यावा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, हेल्पलाइन १५१००. उत्पन्नाचा दाखला मागितला तर सांगा, की १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे महिला आणि कोठडीतल्या व्यक्तीला उत्पन्नाची अट नाही. या दाखल्यासाठी तहसीलच्या रांगेत दिवस घालवणारी माणसं पाहिली की वाईट वाटतं. अत्याचारपीडितांसाठीच्या राज्य सरकारच्या मनोधैर्य योजनेच्या मदतीचा अर्जही इथेच होतो.

मानवी हक्क आयोगाकडे साध्या कागदावर मराठीत, फी न भरता तक्रार करता येते. मुदत १ वर्ष, आणि ती घटनेच्या दिवसापासून मोजतात, सुटकेच्या दिवसापासून नाही. ‘सुटल्यावर बघू’ म्हणून थांबलेल्यांचे अर्ज इथे बाद होतात. राज्य आणि राष्ट्रीय अशा दोन्ही आयोगांना एकदम लिहू नका, कारण राज्य आयोगापुढे असलेलं प्रकरण राष्ट्रीय आयोग हाती घेत नाही.

प्रौढ पुरुष बंदीवर दुसऱ्या बंदीने अत्याचार केला, तर कायद्यात मोठं भगदाड आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेचं ‘अनैसर्गिक संभोगा’चं कलम ३७७ गेलं आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही. दुखापत, डांबून ठेवणं, धमकी यांच्या कलमांवरच तक्रार उभी करावी लागते, म्हणून जखमांची नोंद त्याच दिवशी करून घ्या. १८ वर्षांखालील मुलगा असेल तर पॉक्सो (बालकांचं लैंगिक अत्याचारापासून संरक्षण करणारा कायदा) लागू होतो.

न्यायालयातल्या पहिल्याच अर्जात तीन मागण्या लिहा: पीडितेची दुसऱ्या तुरुंगात बदली, त्या दिवसांचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याचा आदेश, आणि महिला विभागातल्या पुरुषांच्या प्रवेशाची नोंदवही. २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीनुसार रात्री पुरुषाला तिथे फक्त आणीबाणीत, महिला अधिकाऱ्यासोबतच जाता येतं आणि कारण व वेळ लिहावी लागते. चित्रण ठरावीक दिवसांनी पुसलं जातं, त्यामुळे ही मागणी पुढच्या तारखेवर ढकलू नका.