गाडी दहा मिनिटांनी पुन्हा चालू का होते?

धारूरचा घाट चढताना जुनी डिझेल जीप दम सोडते, दोन-चार गचके खाते आणि बंद पडते. बॉनेट उघडून सगळे बाजूला उभे राहतात. दहा मिनिटांनी सेल्फ मारला की गाडी चालू! दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडे नेली तर तिथे ती उभ्या उभ्या एकसारखी चालते. मग अंदाजाने खर्च सुरू होतो. आधी फिल्टर, मग टाकीतून डिझेल आणणारा फीड पंप, मग इंजिनात डिझेल फवारणारं नोझल, शेवटी नोझलकडे दाबाने डिझेल पाठवणारा मेन पंप खोलून शहरात पाठवायचा. एवढं करूनही पुढच्या खेपेला गाडी त्याच चढावर उभी.

असा बिघाड लहरी वाटतो, पण तो लहरी नसतो. त्याची काहीतरी अट असते: चढ, भरलेली गाडी, तापलेलं इंजिन, रस्त्याचे हादरे, टाकीतलं कमी डिझेल. गॅरेजमध्ये यातलं काहीच नसतं, म्हणून तिथे बिघाड दिसत नाही. माझं स्पष्ट मत आहे, की पाना हातात घेण्याआधी एका प्रश्नाचा पिच्छा पुरवावा. उभ्या गाडीत त्या दहा मिनिटांत नेमकं काय बदललं?

त्याआधी गाडी बंद कशी पडली ते आठवायचं. चावी फिरवल्यासारखी एका क्षणात पडली असेल तर संशय विजेवर. जुन्या डिझेल इंजिनला ठिणगी लागत नाही. हवा दाबून दाबून 500 अंशांच्या वर तापते आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. पण बऱ्याच गाड्यांच्या मेन पंपावर एक सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडणारी झडप असते. तिला करंट मिळतोय तोवर डिझेलची वाट उघडी. तिची वायर हादऱ्याने क्षणभर सुटली तरी इंजिन गप्प. इंजिन बंद करायला ओढायची तार असलेल्या जीपमध्ये ही शक्यताच उरत नाही.

गाडी हळूहळू ओढ सोडत, गचके खात बंद पडली असेल तर कमतरता बहुधा डिझेलची किंवा हवेची. यात धूर फार कामाचा साक्षीदार. चढावर काळा धूर ओकत ताकद गेली तर डिझेल पोचतंय, हवा कमी पडतेय. एअर फिल्टर पाहा. उन्हाळ्यात आपल्या काळ्या मातीचा फुफाटा तो किती लवकर भरून टाकतो, हे शेतरस्त्याने गाडी चालवणाऱ्याला वेगळं सांगायला नको. काळा धूर अजिबात नाही आणि तरी ताकद गेली, तर डिझेलच पोचत नाहीये.

आता खरा मुद्दा. जुन्या जीपमध्ये टाकी मागे आणि खाली, फीड पंप पुढे इंजिनवर. पंप डिझेल ओढतो असं आपण म्हणतो, पण पंप फक्त आपल्या टोकाशी दाब कमी करतो. डिझेलला पुढे ढकलते ती टाकीतल्या डिझेलवर बसलेली हवा, दर चौरस सेंटिमीटरला साधारण 1 किलो वजनाने. यातून दोन गोष्टी आपोआप निघतात. हवा टाकीत शिरली पाहिजे, आणि नळीत शिरता कामा नये.

टाकीत हवा जायला झाकणात बारीक भोक असतं किंवा वेगळी नळी असते. डिझेलने ओलसर झालेल्या भोकावर धूळ बसून चिखल होतो. कधी कुंभारीण माशी नळीच्या तोंडात मातीचं घर करते. मग डिझेल निघून जातं पण त्याची जागा घ्यायला हवा येत नाही. टाकीतला दाब उतरत जातो आणि शेवटी पंपाला डिझेल मिळेनासं होतं. गाडी उभी राहिली की कुठून तरी हवा हळूहळू झिरपते आणि गाडी चालू होते. याची परीक्षा फुकट आहे. गाडी बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण उघडा आणि कान द्या. हवा जोरात आत ओढली गेल्याचा आवाज आला तर चोर सापडला. पेट्रोलच्या टाकीतून उन्हाळ्यात वाफ बाहेर सुटतानाही फुस्स होतं, म्हणून आवाज आत जाणाऱ्या हवेचा की बाहेर येणाऱ्या, हे नीट पाहायचं.

दुसरी शक्यता टाकीतल्या कचऱ्याची. शेतावर कॅनमधून डिझेल आणायचं आणि त्यातलंच गाडीत ओतायचं, हे आपल्याकडे सर्रास चालतं. त्यातून पॉलिथिनचा एखादा तुकडा टाकीत जातो. इंजिन जोरात डिझेल मागू लागलं की तो ओढनळीच्या तोंडावर जाऊन चिकटतो. इंजिन थांबलं की सुटून बाजूला होतो. कितीही फिल्टर बदला, फरक पडणार नाही. टाकी खाली काढून धुवावीच लागते.

नळीत हवा शिरण्याचा प्रकार जास्त फसवा. भेगाळलेल्या नळीने शहाळ्यातलं पाणी ओढून पाहा, तोंडात हवाच जास्त येते आणि नळीतून बाहेर थेंबही गळत नाही. इथेही तसंच. आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी, म्हणून डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. गाडीखाली जमीन कोरडी, म्हणून सगळे म्हणतात लाइन चांगली आहे. नोझल उघडायला वातावरणाच्या शंभरपट किंवा त्याहून जास्त दाब लागतो. डिझेल दाबलं जात नाही म्हणून तो दाब तयार होतो. हवेचा बुडबुडा मात्र स्वतःच दबतो आणि नोझल बंदच राहतं. मिस्त्री ज्याला 'एअर धरली' म्हणतात ते हेच. अर्धी टाकी संपल्यावरच त्रास होत असेल तर ओढनळीला टाकीच्या आत, वरच्या भागात भेग असू शकते. टाकी भरलेली असताना ती भेग डिझेलखाली असते.

हे डोळ्यांनी पाहता येतं. फीड पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक, डिझेलला टिकणारी नळी तात्पुरती जोडायची, सायलेन्सरपासून दूर. चालू करताना एखाद-दुसरा बुडबुडा आला तर काही नाही. पण इंजिन रेस केल्यावर बारीक बुडबुड्यांची माळ सुरूच राहिली, तर टाकीकडून एकेक जोड तपासत यायचं. कडक झालेला रबरी पाइप किंवा पुन्हा पुन्हा वापरलेलं तांब्याचं वायसर निघतं. दोन्ही किरकोळ किमतीच्या वस्तू, आणि त्यांच्यापायी लोक पंप खोलतात याचं मला फार वाईट वाटतं.

पेट्रोल गाडीत त्या दहा मिनिटांत बदलतं ते मुख्यतः तापमान. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा 42च्या वर जातो, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोलची नळीतच वाफ होते. नंतरच्या गाड्यांत क्रँक सेन्सर (इंजिनचं फिरणं ओळखणारा भाग) किंवा ठिणगीसाठी वीज देणारी इग्निशन कॉइल दगा देते. आतली केसासारखी तार कुठे तडकलेली असते. तापून प्रसरण पावली की टोकं सुटतात, निवली की पुन्हा टेकतात. म्हणून थंड झाल्यावर मीटर लावून काही कळत नाही. बंद पडल्याक्षणीच प्लगला ठिणगी येते का ते पाहावं लागतं, आणि त्याआधी आसपास पेट्रोल सांडलेलं नाही याची खात्री करावी लागते. ठिणगी नसेल तर संशयित भागावर ओला फडका ठेवून तो थंड करायचा. लगेच गाडी चालू झाली, तर तोच भाग बदलायचा.

हा शोध घाटात घेताना एक धोका आहे. इंजिन बंद पडलं की ब्रेकच्या बूस्टरला, म्हणजे पेडल हलकं करणाऱ्या डब्याला, व्हॅक्यूम मिळत नाही. साठलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोनदा ब्रेक हलका लागतो, नंतर पेडल दगडासारखं जड होतं. पॉवर स्टेअरिंगही जड होतं. म्हणून ब्रेक सारखा पंप करू नये, एकदाच दाबून धरावा, गाडी कडेला घेऊन हँडब्रेक लावावा, गिअरमध्ये टाकावी आणि चाकाखाली दगड द्यावा. टाकीच्या झाकणाकडे त्यानंतर जायचं.