डेटा ॲनालिटिक्सचा एम.एस्सी. प्रोजेक्ट: पात्रता, कागदपत्रं आणि तो परत का येतो

महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात रिसर्च प्रोजेक्टला तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्या सत्रात ६ क्रेडिट्स आहेत. दुसऱ्या सत्रातल्या ऑन जॉब ट्रेनिंगचे क्रेडिट्स वेगळे. त्यामुळे त्या ट्रेनिंगचाच अहवाल नाव बदलून प्रोजेक्ट म्हणून देऊ नका. मागचे विषय राहिले असतील तर एटीकेटीचा नियम विद्यापीठाच्या परिपत्रकातच वाचा, सीनियरच्या सांगण्यावर जाऊ नका. विषयाचा प्रस्ताव, गाइडची संमती, एबीसी आयडी (क्रेडिट्स जमा होतात त्या खात्याचा क्रमांक) हे सगळं सहज जमतं.

अडतं ते कंपनीच्या डेटाच्या परवानगीपत्रावर. इंटर्नशिपचं पत्र म्हणजे डेटा वापरायची परवानगी नव्हे. लेटरहेडवर तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: कुठला डेटा, कुठल्या कालावधीचा, आणि तो अहवालात व बाहेरच्या परीक्षकासमोर दाखवायला हरकत नाही. सही अधिकृत व्यक्तीची लागते, टीम लीडची चालत नाही. कंपनीचा कायदा विभाग यात आठवडेच्या आठवडे घालवतो, आणि कॉलेजं हे पत्र हवं असल्याचं मुलांना शेवटच्या महिन्यात सांगतात. हे चुकीचं आहे. प्रस्तावाच्या आधीच मागा. डेटातला नावाचा रकाना काढला म्हणजे ओळख लपली असंही नाही. मोबाइल नंबर, जन्मतारीख आणि पिनकोड राहिले तर माणूस ओळखता येतो.

पत्र मिळत नसेल तर वाट बघत बसू नका, सरकारी खुला डेटा घ्या. ॲगमार्कनेट या शेतमालाच्या बाजारभावांच्या सरकारी पोर्टलवर लासलगावच्या कांद्याचे रोजचे भाव प्रतिक्विंटल मिळतात. मात्र बाजार बंद असलेल्या दिवसांची नोंदच नसते. तिथे शून्य भरलं की भाव कोसळल्यासारखा दिसतो आणि मॉडेल तेच शिकतं. ते दिवस रिकामे ठेवा आणि काय केलं ते अहवालात लिहा. मॉडेलला शिकवायचा डेटा (ट्रेन) आणि तपासायचा डेटा (टेस्ट) तारखेनुसार तोडा. रँडम तोडलं तर पुढच्या आठवड्याचे भाव ट्रेनिंगमध्ये शिरतात, अचूकता भरमसाट येते आणि व्हायव्हात पहिला प्रश्न त्यावरच पडतो. स्केलिंगही, म्हणजे आकडे एका मापात आणणं, तोडल्यानंतर, फक्त ट्रेनवर फिट करून.

साम्य तपासणीवर, म्हणजे मजकूर आधीच्या लिखाणाशी किती जुळतो यावर, सगळ्यात जास्त रडारड होते. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. १० ते ४० टक्के आलं तर सुधारून पुन्हा सादर करायचं, तेही ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश यात मोजत नाहीत. ते वगळायची सेटिंग लावली आहे ना, हे ग्रंथालयात विचारून घ्या. बाहेरच्या कुणाच्या खात्यावरून आधी तपासून घेण्याचा मोह टाळा. फाइल तपासणीच्या सॉफ्टवेअरच्या भांडारात साठवली गेली, तर पुढच्या तपासणीत तुमचाच मजकूर तुमच्याशी जुळतो आणि आकडा आकाशाला भिडतो. कोड परिशिष्टात ओतू नका, वेगळ्या फोल्डरमध्ये द्या.

परिपत्रकातली शेवटची तारीख नीट वाचा. अनेकदा ती विभागाने परीक्षा विभागाकडे पाठवायची असते, तुम्ही विभागात द्यायची नव्हे. आधी साम्य अहवाल, मग गाइडची सही, मग विभागप्रमुखांची, शेवटी बाइंडिंग. बाइंडिंग करून सही मागायला गेलात आणि गाइडनी एक तक्ता बदलायला सांगितला, तर सगळ्या प्रती पुन्हा काढाव्या लागतात. सुट्ट्या आणि गाइडची रजा धरून दहा दिवस मागे मोजा.