कॅसेटवर नसलेली नावे

गोव्यातल्या वास्कोच्या दामोदर सप्ताहाला आम्ही पावसात भिजत जायचो. देवदर्शन झाले, मिरवणुकीने निघणारे भजनांचे पार ऐकून झाले, की आई खाज्यांच्या दुकानाकडे वळायची आणि मी फेरीतल्या, म्हणजे जत्रेच्या बाजारातल्या, खेळण्यांच्या दुकानाकडे. नव्वदच्या दशकात तिथे पिवळ्या प्लॅस्टिकच्या कॅसेटींचा ढीग असायचा. कार्ट्रिज हा शब्द आमच्यात कोणालाच माहीत नव्हता. टेपरेकॉर्डरची ती कॅसेट, तशी व्हिडिओ गेमची ही. वर मारिओ, विमान आणि बंदूकवाला यांचे एकत्र चिकटवलेले चित्र, आणि ‘९९९९ इन १’ असा दावा. आत खरे खेळ दहाबारा निघायचे. पण त्या दहाबारांत मारिओ होता, काँट्रा होता, पॅकमॅन होता. खेळ कोणी केला, कुठे केला, याबद्दल कॅसेटवर एक अक्षर नसे. नकला काढणाऱ्यांनी कितीदा पडद्यावरचीही नावे पुसून टाकलेली असत.

२०२५च्या सप्टेंबरात सुपर मारिओ ब्रदर्सला ४० वर्षे झाली. अशा जुन्या खेळांना आता अजरामर कलाकृती म्हणतात, आणि मला ते मनापासून पटते. मात्र कलाकृती म्हटली की कोणाच्या हातची, हे सांगायला हवे. या धंद्यात नावाचे भांडण अगदी सुरुवातीपासून आहे.

माझ्या मामाने कुवेतहून अटारी, म्हणजे त्या नावाच्या कंपनीचे टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेमचे यंत्र, आणले होते. १९७७ साली बाजारात आलेल्या त्या यंत्राची चालू स्मृती १२८ बाइट, म्हणजे हा परिच्छेदसुद्धा तिच्यात मावणार नाही. पूर्ण चित्र साठवायला जागाच नव्हती. टीव्हीचा किरण पडद्यावर एकेक आडवी ओळ काढत खाली उतरतो. तो पुढच्या ओळीवर पोचायच्या आत तिथे काय दिसायला हवे ते प्रोग्रॅमने ठरवून द्यायचे, सेकंदाला ६० वेळा. असे काम करणारा माणूस बहुतेक वेळा एकटाच असे. कल्पना त्याची, चित्रे त्याची, आवाजही त्याचेच. आणि खोक्यावर नाव फक्त अटारी कंपनीचे. आपल्या खेळांवर कंपनी किती कमावते हे कळल्यावर चार प्रोग्रॅमर नाव आणि वाटा मागायला गेले. दोन्ही मिळाले नाही. १९७९ साली त्यांनी बाहेर पडून अ‍ॅक्टिव्हिजन काढली, आणि तिच्या खेळांसोबतच्या पुस्तिकेत बनवणाऱ्याचे नाव आणि फोटो छापायला सुरुवात केली.

त्याच अ‍ॅक्टिव्हिजनसाठी कॅरोल शॉ यांनी १९८२ साली रिव्हर रेड केला. नदीवरून विमान न्यायचे, इंधन भरायचे, वाटेतले पूल उडवायचे. १९८६च्या जुलैमध्ये मांडवीवरचा पूल खरोखरच कोसळला. त्यानंतर कितीतरी दिवस फेरीबोटीच्या रांगेत तिष्ठत काढलेली आम्ही मुले. टीव्हीवर पूल उडवताना दर वेळी काळजात काहीतरी हलायचे. खेळातली ती नदी संपतच नसे. एवढी लांब नदी चार किलोबाइटच्या कॅसेटमध्ये बसली कशी? शॉ यांनी नदी साठवलीच नव्हती. त्यांनी एक छोटे गणित लिहिले. ठरलेल्या आकड्यापासून सुरुवात करून ते पुढचा आकडा काढते, त्यातून काठ, बेट, बोटी ठरतात, आणि नदी विमानापुढे जागच्या जागी तयार होत जाते. सुरुवातीचा आकडा तोच, म्हणून दर वेळी नदीही तीच. कुठल्या वळणावर इंधन मिळते हे माझ्या थोरल्या भावाला पाठ होते. बाईने केलेला खेळ आहे, हे मात्र आम्हाला वीस वर्षांनी कळले.

पॅकमॅन १९८० सालचा, नामकोच्या तोरू इवातानी यांचा. त्यातली चार भुते चार स्वभावांची आहेत: एक थेट मागे लागते, एक पुढे जाऊन वाट अडवायला बघते, एक जवळ आल्यावर कच खाते. चौथ्याचा अंदाज मला आजही बांधता येत नाही.

मारिओपाशी मात्र थांबायला हवे. जपानच्या निन्टेंडो कंपनीतले शिगेरू मियामोतो, ताकाशी तेझुका आणि सोबतीला मोजकी माणसे. अख्खा खेळ ४० किलोबाइटचा. फोनवर काढलेला एक फोटो याच्या पन्नास पटींहून मोठा भरतो. जागा वाचवायला त्यांनी आकाशातल्या ढगाचेच चित्र हिरवे करून जमिनीवर झुडूप म्हणून ठेवले. पहिला टप्पा तर पुन्हा पुन्हा पाहावा असा आहे. मारिओ डावीकडे उभा, उजवीकडे मोकळी जागा, म्हणजे कुठे जायचे ते आपोआप कळते. समोरून एक तपकिरी प्राणी चालत येतो. उडी मारली नाही तर मेलात, पण खेळ नुकताच सुरू झालेला असतो, गमावलेले काहीच नसते. पुढे प्रश्नचिन्हाच्या चौकोनातून आळंबे निघते, उजवीकडे घरंगळते, पाइपाला आपटते आणि परत तुमच्याकडेच येते. वर विटा असल्याने घाबरून उडी मारलीत तरी डोके आपटून बहुधा त्याच्यावरच पडता, आणि मोठे होता. आळंबे चांगले असते हे असे कळते. सूचनेचा एक शब्द नाही. इंग्रजी न येणारी माझी आजी दुपारी ओटीवर बसून पहिला टप्पा पार करायची, ती या मांडणीच्या जोरावर. कोजी कोंदो यांनी केलेली त्याची धून २०२३ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करायच्या ध्वनिमुद्रणांत घेतली. व्हिडिओ गेमच्या संगीताला हा मान पहिल्यांदाच मिळाला.

मारिओ बघताना मला आपली कावी आठवते. पेडणे-डिचोलीकडच्या काही जुन्या देवळांच्या भिंतींवर ती अजून टिकून आहे. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर द्यायचा आणि तो ओला असेपर्यंत टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. रंग दोनच आणि वेळ थोडा, तरी त्यात वेली, मोर, देवादिकांच्या कथा बसवल्या. त्या भिंतींवरही नावे नाहीत.

फेरीत मिळणारा आणखी एक खेळ म्हणजे ब्रिक गेम, हातात मावणारा, पेन्सिलीच्या सेलवर चालणारा. तो मूळचा टेट्रिस. १९८४ साली मॉस्कोत सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेइ पाजितनोव यांनी तो इलेक्ट्रॉनिका ६० या संगणकावर केला. त्या संगणकाला चित्रे काढताच येत नसत, म्हणून विटा कंसांच्या चिन्हांनी दाखवल्या. आकार सात, प्रत्येक चार चौकोनांचा. खेळ जगभर विकला गेला, पण हक्क सरकारकडे असल्याने पाजितनोव यांना मानधन मिळू लागले ते १९९६ पासून. आणि हा खेळ अजून पुरता उलगडलेला नव्हता: निन्टेंडोवरचा टेट्रिस इतका पुढे नेणे की तो यंत्रालाच झेपेनासा होऊन गोठावा, हे माणसाला पहिल्यांदा जमले २०२३च्या डिसेंबरात, अमेरिकेतल्या १३ वर्षांच्या मुलाला.

कॉलेजच्या वयात म्हापशाच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये फ्लॉपीवर प्रिन्स ऑफ पर्शिया आला. सर बाहेर गेले की सगळे एका मशीनभोवती. राजपुत्र धावायचा, कठड्याला लोंबकळायचा, आणि त्याच्या शरीराला वजन आहे असे वाटायचे. जॉर्डन मेकनर यांनी धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून व्हिडिओ घेतला होता आणि एकेक चौकट हाताने उतरवली होती. १९८९ साली खेळ बाहेर येईपर्यंत त्यात काही वर्षे गेली. मूळ खेळ अ‍ॅपल टू संगणकावरचा, स्मृती इतकी भरलेली की दुसरे पात्र घालायला जागाच उरली नव्हती. तेव्हा राजपुत्राचीच आकृती किंचित सरकवून स्वतःवर उलटवली, आणि त्यातून एक चमकती सावली उभी राहिली. आरशातून उडी मारल्यावर ती सावली बाहेर पडते, पुढे वाटेत आडवी येते, आणि शेवटी तिच्यावर वार केला तर तुम्हीच मरता. तलवार म्यान करावी लागते. ते सुचल्यावर आम्ही वर्गात ओरडलो होतो. खेळाचा मूळ कोड हरवला असे मेकनर धरून चालले होते. २०१२ साली त्यांच्या वडिलांना जुन्या फ्लॉप्या सापडल्या आणि तो सर्वांसाठी खुला झाला.

सगळ्याच खेळांचे असे नशीब नसते. २०१२ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १४ व्हिडिओ गेम आपल्या संग्रहात घेतले, त्यांत पॅकमॅन आणि टेट्रिस होते. पण व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली मांडलेला हिशेब असा की २०१०च्या आधी अमेरिकेत निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज विकत मिळतच नाहीत. नकली कॅसेटींनी नावे पुसली हे खरे, पण आमच्यासारख्यांच्या घरी हे खेळ पोचले आणि उरले तेही त्यांच्यामुळेच. याचे दुःख आणि ऋण दोन्ही मी मानतो.

मामाच्या अटारीवर अ‍ॅडव्हेंचर नावाचा एक खेळ होता, १९८० सालचा. बनवणाऱ्याचे नाव द्यायचे नाही हा कंपनीचा नियम ठाऊक असल्याने वॉरन रॉबिनेट यांनी, कोणाला न सांगता, त्यात एक गुप्त खोली ठेवली होती. गेल्या मे महिन्यात मामाच्या माळ्यावरून ते यंत्र काढले, कॅसेटची टोके पुसली, आणि वाचून ठेवल्याप्रमाणे चक्रव्यूहातला तो एका ठिपक्याएवढा करडा कण शोधला. पार्श्वभूमीच्या रंगातच मिसळलेला. तो घेऊन ठरलेल्या भिंतीतून आत शिरलो. कॅसेटवर कागदसुद्धा उरलेला नाही. पण आत, पडद्याच्या मधोमध, उभ्या ओळीत, रंग बदलत झगमगत होते: निर्माता, वॉरन रॉबिनेट.