सरासरीत हरवलेले हेलकावे

1998 साली फ्रान्समधल्या सिवो अणुवीज केंद्रात एक पाइप तडकून गळू लागला. अणुभट्टी बंद केल्यावरही इंधनात उष्णता निर्माण होतच राहते. ती काढून नेणाऱ्या यंत्रणेतला हा पाइप. तो जुनापुराणाही नव्हता, केंद्र नुकतंच सुरू झालं होतं. शोध घेतल्यावर कळलं की जवळच गरम आणि थंड पाण्याचे प्रवाह एकत्र येत होते. ते पुरते मिसळण्याआधी पाइपच्या भिंतीला क्षणात गरम पाणी लागे, क्षणात थंड. पोलाद प्रसरण-आकुंचन पावत राहिलं आणि शेवटी थकलं.

संगणकावर प्रवाहाचं गणित सोडवायचं शास्त्र, म्हणजेच सीएफडी, अणुऊर्जेसाठी शिकू पाहणाऱ्याने ही हकिगत पहिल्याच दिवशी ऐकावी असं मला मनापासून वाटतं. त्या जोडाचं सरासरी तापमान काढलं, तर उत्तर बरोबर येईल आणि तरीही धोका दिसणार नाही. फार झपाट्याने होणारे चढ-उतार धातूत खोल शिरत नाहीत. अगदी संथ असले तर भिंतीच्या पूर्ण जाडीला त्यांच्याबरोबर तापायला-निवायला वेळ मिळतो. घातक असतात ते मधले, सेकंदाला एखाद-दुसरा हेलकावा देणारे.

शिकायची सुरुवात मात्र साध्या सरळ नळीपासूनच करावी. संथ, थर न मोडता वाहणाऱ्या पाण्याचा वेग नळीच्या मध्यभागी सरासरीच्या बरोबर दुप्पट असतो, हे कागदावर सिद्ध करता येतं. ओपनफोम किंवा कोड-सॅटर्नसारखं मोफत सॉफ्टवेअर घ्यावं, नळीचे लहान लहान कप्पे पाडावेत (यालाच मेश म्हणतात) आणि ती दुप्पट येते का ते पाहावं. मग मेश आणखी बारीक करून पुन्हा गणित चालवावं. उत्तर हललं, तर आधीचं उत्तर पाण्याचं नव्हतं, मेशचं होतं. हा सराव कंटाळवाणा वाटतो, पण तो टाळून पुढे गेलेल्याच्या रंगीत चित्रांवर मी विश्वास ठेवणार नाही.

अणुभट्टीतलं पाणी असं शिस्तीत वाहत नाही. दाबाखालच्या पाण्याच्या अणुभट्टीत ते सुमारे 155 बार दाबाखाली, 290 अंशांना आत शिरून 325 अंशांच्या आसपास बाहेर पडतं. इंधनाच्या कांड्या साधारण साडेनऊ मिलिमीटर जाडीच्या आणि दोन कांड्यांमधली फट जेमतेम तीन मिलिमीटरची. त्या फटीतून पाणी भोवऱ्यांनी घुसळत जातं. प्रत्येक भोवरा मोजायचा म्हटलं तर रेनॉल्ड्स अंक (प्रवाह किती घुसळत वाहील हे सांगणारा आकडा) दुप्पट झाला की कप्पे जवळपास पाचपट लागतात. कुठलाही संगणक लवकरच हात टेकतो. म्हणून भोवऱ्यांचा फक्त सरासरी परिणाम धरणारी मॉडेल वापरतात. त्यांतही उष्णता कांडीतून पाण्यात जाते तो थर नीट पकडायचा असेल, तर कांडीलगतचा पहिला कप्पा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतका पातळ लागतो. अशा सरासरीतून कांडीचं आवरण किती तापतं याचा चांगला अंदाज मिळतो, आणि पुष्कळदा तेवढंच हवं असतं.

सिवोसारख्या जोडासाठी ते पुरत नाही. तिथे मोठे भोवरे क्षणाक्षणाला सोडवणारी, कितीतरी महागडी पद्धत लागते. मॉडेल निवडण्याआधी आपल्याला नेमकं काय हवंय, सरासरी की हेलकावे, हे ठरवावं लागतं ते यासाठी.

सरावाला उत्तम उदाहरण आहे स्वीडनमधल्या व्हॅटनफॉल कंपनीचा प्रयोग. 19 अंशांचं थंड आणि 36 अंशांचं गरम पाणी टी आकाराच्या जोडात एकत्र सोडून, भिंतीपासून एक मिलिमीटरवर तापमान नोंदवलं गेलं. ती मोजमापं आधी न दाखवता जगभरच्या गटांकडून गणितं मागवली होती. शिकणाऱ्यानेही त्याच ठिकाणी, भिंतीपासून मिलिमीटरभर अंतरावर, आपल्या मेशमध्ये एक बिंदू ठेवावा. सरासरीच्या मॉडेलने तिथल्या तापमानाच्या आलेखात जवळपास सरळ रेष येते. महागड्या पद्धतीने तीच रेष वरखाली हेलकावू लागते.