ॲडमिरल विल्यम ब्राउन आणि त्याची स्मारके

ब्राउन, विल्यम : (२२ जून १७७७–३ मार्च १८५७). आयर्लंडमध्ये जन्मलेला दर्यावर्दी व अर्जेंटिनाच्या आरमाराचा संस्थापक. स्पॅनिशमध्ये तो गिजेर्मो ब्राउन. अर्जेंटिनात त्याच्या नावाचे रस्ते, शाळा, तालुका, युद्धनौका आणि फुटबॉल क्लबही आहेत. त्याच्या मायदेशाला मात्र त्याची आठवण यायला बराच वेळ लागला.

मेयो परगण्यातल्या फॉक्सफर्ड गावी त्याचा जन्म झाला. लहानपणीच तो वडिलांबरोबर फिलाडेल्फियाला गेला. वडील पिवळ्या तापाने दगावले आणि पोरका पोरगा जहाजावर पोऱ्या म्हणून लागला. पुढे इंग्रजांनी त्याला सक्तीने आपल्या आरमारात ओढले. नंतर तो फ्रेंचांच्या कैदेत पडला आणि तिथून निसटला. १८०९ च्या सुमारास तो ला प्लाता नदीच्या मुखाशी पोचला तो व्यापारी म्हणून. स्पॅनिशांनी त्याचे गलबत जप्त केले आणि व्यापाऱ्याचा सेनापती होण्याची वाट तिथून सुरू झाली.

१ मार्च १८१४ रोजी स्पेनविरुद्ध उठलेल्या ब्युनॉस आयर्सच्या क्रांतिकारी सरकारने त्याला आरमाराचे नेतृत्व दिले. हाताशी होती ती व्यापारी जहाजांवर तोफा चढवून उभी केलेली काही गलबते आणि नाना देशांचे खलाशी. मार्टिन गार्सिया बेटाजवळच्या पहिल्याच हल्ल्यात त्याचे ‘हर्क्युलीस’ जहाज गाळात रुतले आणि तोफगोळ्यांनी त्याची चाळण झाली. भोके कातड्याने बुजवून वर डांबर फासले, म्हणून जहाजाला ‘काळी फ्रिगेट’ (फ्रिगेट : वेगवान युद्धनौका) असे टोपणनाव पडले. १५ मार्चला दुसरा हल्ला झाला तेव्हा बासरी-ढोलांवर सेंट पॅट्रिकच्या दिवसाची आयरिश धून वाजवली, असे सांगतात. बेट पडले. मे महिन्यात माँटेव्हिडिओसमोरच्या लढाईत मागे उसळलेल्या तोफेने त्याचा पाय मोडला, तेव्हा त्याने डेकवर पडल्या पडल्या हुकूम सोडले. त्या विजयाची १७ मे ही तारीख अर्जेंटिनात आजही आरमार दिन म्हणून पाळली जाते.

ब्राझीलबरोबरच्या युद्धात (१८२५–२८) त्याची खरी साथीदार होती ती नदीच. ला प्लाताचे पात्र अफाट रुंद, पण उथळ, वाळूच्या दांड्यांनी भरलेले. ब्राझीलची मोठी जहाजे आत आली की अडकण्याची धास्ती, ब्राउनची हलकी गलबते मात्र दांड्यांमधून वाट काढत. ११ जून १८२६ ची लोस पोसोसची लढाई ब्युनॉस आयर्सच्या शहरवासीयांनी किनाऱ्यावर उभे राहून पाहिली. ‘तोफांचा नेम खाली धरा, लोक बघताहेत’ हे त्या दिवशीचे त्याचे शब्द म्हणून आजही सांगितले जातात. फेब्रुवारी १८२७ मध्ये हुंकालला त्याने सतरा जहाजांच्या ब्राझिली ताफ्यातली पंधरा पकडली किंवा नष्ट केली.

त्याच वर्षी त्याच्यावर घाला पडला. एप्रिलमध्ये माँटे सांतियागोच्या लढाईत त्याचा स्कॉटिश अधिकारी फ्रान्सिस ड्रमंड मारला गेला. तो ब्राउनच्या मुलीचा, एलायझाचा, वाग्दत्त वर होता. डिसेंबरात सतरा वर्षांची एलायझा नदीत बुडून मेली. ती लग्नाचा पोशाख घालून पाण्यात उतरली, ही लोकांनी जोडलेली गोष्ट. लोकांना ब्राउनच्या लढायांपेक्षा हीच कथा जास्त पाठ असते, आणि त्यात नवल नाही.

पुतळ्यांमध्ये न बसणारा ब्राउनही होता. १८१५–१६ मध्ये त्याने पॅसिफिकमध्ये शत्रूची जहाजे लुटण्याची मोहीम काढली. ग्वायाकिल बंदरात ओहोटीत जहाज रुतून स्पॅनिशांच्या हाती सापडल्यावर पेटती मशाल घेऊन तो दारूकोठाराशी उभा राहिला : सन्मानाने वागवा, नाहीतर सगळे उडवतो. परतल्यावर सरकारने त्याच्यावर खटला भरला. आपल्याला कोणी विष घालते आहे असा संशय त्याच्या मनाने घेतला आणि १८१९ मध्ये त्याने गच्चीवरून उडी टाकली. मांडीचे हाड मोडले, जीव वाचला. स्मारकांवर हे प्रकरण कोरलेले नसते. मला तर हाच भाग त्याला माणूस म्हणून जवळ आणणारा वाटतो.

१८४७ मध्ये, महादुष्काळाच्या काळात, तो आयर्लंडला जाऊन आला. दहा वर्षांनी ब्युनॉस आयर्समध्ये त्याचे निधन झाले. रेकोलेता दफनभूमीत संगमरवरी समाध्यांच्या गर्दीत त्याचा उंच हिरवा खांब लांबूनच ओळखू येतो. ला बोका भागात त्याच्या पिवळ्या घराची, कासा अमारिजाची, प्रतिकृती उभी आहे. १८७१ च्या पिवळ्या तापाच्या साथीत शहरातून पळालेली माणसे दक्षिणेकडे वसली आणि १८७३ मध्ये तिथे आल्मिरांते ब्राउन हा तालुका झाला. ज्या तापाने त्याला पोरके केले, त्याच तापाशी असा योगायोगाने संबंध आला. त्याच्या नावाचे अंटार्क्टिकातले ठाणे मात्र १९८४ मध्ये तिथल्या डॉक्टरनेच पेटवून दिले. आणखी एक हिवाळा तिथे काढायला तो तयार नव्हता.

आयर्लंडने १९५७ मध्ये, मृत्यूच्या शताब्दीला, त्याचे टपाल तिकीट काढले. २००६ मध्ये आयरिश नौदलाचे ‘एथ्ने’ हे जहाज ब्युनॉस आयर्सला गेले. विषुववृत्त ओलांडणारे ते पहिले आयरिश नौदल जहाज. त्याच वर्षी डब्लिनच्या धक्क्यावर, लिफी नदीच्या काठी, ब्राउनचा पुतळा बसला.